दलालाची चिठ्ठी

दलाल हा शब्द उच्चारला की आपल्या कपाळाला आपोआप आठी पडते. व्यवसायाचे नाव म्हणून हा शब्द जितका वापरला जात असेल, त्याहून अधिक तो शिवी म्हणून वापरला जातो. म्हणूनच आपल्या परभणीत ही मंडळी आता पाटीवर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' नाहीतर 'इस्टेट एजंट' असे लिहितात; 'दलाल' असे लिहिलेली पाटी शोधूनही सापडत नाही. वास्तविक शब्द मुळात वाईट नाही. तो अरबी आहे, फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ 'वाट दाखवणे' असा आहे. कित्येक पिढ्या निजामी अमलाखाली काढलेल्या आपल्या मुलखाला हा शब्द परका नाही. अर्थ तेवढा वाटेत कुठेतरी सांडला.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र शब्दाचा नाही, एका सवयीचा आहे. जमिनीचे अगर घरांचे व्यवहार करणारा दलाल पुष्कळदा हाती आलेले गिऱ्हाईक स्वत: न ठेवता दुसऱ्या दलालाकडे पाठवतो. विचार केला तर ही गोष्ट चमत्कारिक आहे. कापडाच्या दुकानात आपल्याला हवा तो पोत नसला तर दुकानदार दुसरे चार पोत गादीवर उलगडतो, 'सध्या हेच चालतंय' म्हणतो. शेजारच्या दुकानात जा, असे सहसा म्हणत नाही. वकील अशील सोडत नाही, शिकवणीवाले विद्यार्थी सोडत नाहीत (प्राध्यापकांनी क्षमा करावी). मग ज्याची ख्यातीच मुळी गिऱ्हाइकाला चिकटण्याबद्दल आहे तो दलालच ते इतक्या सहजपणे का सोडतो?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. तो आमच्या घरात भांडण होऊन पडला.

माझी आत्या परभणीची. गंगाखेड रस्त्याच्या बाजूला तिचे जुने तीन खोल्यांचे घर होते. आतोबा वारल्यावर दोनेक वर्षे ती तिथे एकटीच राहिली. मग गुडघे दुखू लागले आणि पिंपरी-चिंचवडला नोकरीला असलेला आतेभाऊ म्हणाला, आता तिकडेच ये. त्याचे घर लहान, तेव्हा आत्याने परभणीचे घर विकून त्याच्या जवळपास एक खोली-स्वयंपाकघराची जागा घ्यावी असे ठरले. परभणीचे घर ज्या दलालाने विकून दिले तो माणूस आत्याच्या पूर्ण विश्वासातला होता. इसारपावतीवर सही करण्याआधी त्याने ती तिला दोनदा वाचून दाखवली होती. गिऱ्हाइकाचा धनादेश वटल्याशिवाय किल्ली देऊ नका, असेही त्यानेच बजावले होते. साहजिकच आत्या त्याला म्हणाली, पुण्याकडचे घरही आता तूच बघ.

तो म्हणाला, "आक्का, तिथलं काम मह्याकडून व्हायचं न्हाई. पुण्यातलं मला काय कळतंय? ह्या माणसाला भेटा, महं नाव सांगा." आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर त्याने एक नाव व फोन नंबर लिहून दिला.

पुढचे सगळे सरळ झाले. पुण्याकडच्या दलालाने सहा घरे दाखवली. त्यांतले एक आत्याला फार आवडले होते, पण त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून त्याने स्वत:च ते सोडायला लावले. सहावे घर २८ लाखांना ठरले. दलाली एक टक्का, म्हणजे २८,००० रुपये. ती देताना तो सहज बोलून गेला, "ह्यातले सात हजार परभणीला पाठवायचेत." आत्या तिथे काही बोलली नाही. रात्री तिने माझ्या वडिलांना फोन केला आणि म्हणाली, "दादा, त्यानं मला सात हजाराला विकलं रे."

ते वाक्य आमच्या घरात बरेच दिवस राहिले. वडील आत्याच्या बाजूचे. आई म्हणाली, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाला आपण आहेर करतोच की! वडील म्हणाले, तो चारचौघांत करतो, झाकून नाही. मी अर्थशास्त्राच्या वर्गात मागणी-पुरवठ्याचे वक्र काढणारा विद्यार्थी. दोघांपैकी कोण बरोबर, हे मला सांगता येईना, याची लाज वाटली. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी रजिस्ट्री ऑफिसबाहेरच्या चहाच्या टपरीवर आठवडाभर बसलो. जमिनीच्या धंद्यातली परभणीतली अर्धी विद्वत्ता तिथे बाकड्यावर बसलेली असते. पाचसहा जण माझ्याशी मोकळेपणाने बोलले. नावे द्यायची नाहीत, एवढ्या अटीवर.

सर्वांत आधी जी गोष्ट लक्षात आली ती ही की दलालाजवळ विकायला माल नसतो. जमीन त्याची नाही, पैसा त्याचा नाही. त्याच्याजवळ असते ती माहिती. कोणाला विकायचे आहे, कोणाला गरज म्हणून आणि कोणाला हौस म्हणून, कोणत्या गटात बहिणींच्या सह्या राहिल्या आहेत, कोणत्या बांधावरून तीन वर्षे वाद चालू आहे, कोणत्या प्लॉटचा रस्ता नकाशात आहे पण जागेवर नाही. ही माहिती कागदावर नसते, ती माणसांत असते. आणि तिचा एक गुण असा की ती गावाबाहेर नेता येत नाही. जिंतूर रस्त्यावर वीस वर्षे काढलेला माणूस वसमत रस्त्यावर गेला तरी अर्धा आंधळा होतो, मग पुण्याचे काय? एकजण मला म्हणाला, "मह्या डोक्यात परभणीचे गट नंबर हायेत. पुण्यात गेलो तर मीच गिऱ्हाईक."

हे उलट बाजूनेही तितकेच खरे आहे, किंबहुना अधिकच खरे आहे. पुण्या-मुंबईचा कितीही मोठा एजंट मराठवाड्यातल्या शेतजमिनीत हात घालायला भितो, आणि त्याचे भय अनाठायी नाही. महाराष्ट्र हे एक राज्य असले तरी कूळकायदे इथे तीन आहेत. पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा, विदर्भाला १९५८ चा आणि आपल्याला हैद्राबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० हा. आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ पर्यंत हैद्राबाद राज्यात होता, त्याचे हे देणे. जुन्या नोंदी फसली सनात, कित्येक कागद उर्दूत. आजही एखाद्या जमिनीचे मूळ शोधायचे झाले तर जाणकार माणूस संगणकावरच्या सातबाऱ्यावर थांबत नाही, पन्नास सालानंतरच्या खासरा पाहणीपर्यंत मागे जातो. तिथे संरक्षित कुळाचे नाव निघाले तर गोष्ट वेगळी. इनामाची जमीन निघाली तर आणखी वेगळी, आणि त्यातही ती मदतमाश, म्हणजे व्यक्तीला चरितार्थासाठी दिलेली, की खिदमतमाश, म्हणजे देवस्थानाच्या अगर मशिदीच्या सेवेसाठी दिलेली, यावर सारे अवलंबून. इनामे रद्द करणारा हैद्राबादचा कायदा १९५४ चा. पण रद्द झालेल्या इनामाची सावली सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' या शब्दांच्या रूपाने सत्तर वर्षांनंतरही पडलेली दिसते, आणि त्या शब्दांचा अर्थ शासनाच्या परवानगीशिवाय व नजराण्याशिवाय विक्री नाही, असा होतो. सोनपेठ-पालमकडचा जो दलाल सातबारा हातात घेताच आधी डाव्या कोपऱ्यात बघतो, त्याला हे कोणी शिकवलेले नसते. एकदा इसार बुडाला की आयुष्यभर बघायची सवय लागते.

शहरातल्या प्लॉटची गोष्ट निराळी, तिथे तुकडेबंदीचा कायदा आडवा येत आला. हा १९४७ चा. शेताचे इतके लहान तुकडे होऊ नयेत की त्यांत नांगरही वळणार नाही, असा त्याचा हेतू. पण गेल्या चाळीसेक वर्षांत जिंतूर, पालम, पाथरीकडची माणसे मुलांच्या शिक्षणासाठी परभणीला येऊ लागली आणि गावाभोवतीच्या शेतांत गुंठ्या-दोन गुंठ्यांचे प्लॉट पडू लागले. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला. नांगर वळो न वळो, मोटारसायकल वळली म्हणजे झाले! आता यातला कोणता प्लॉट अकृषिक झाला, कोणता गुंठेवारीत बसतो, कोणता कशातच बसत नाही, हे त्या त्या भागातल्या माणसालाच ठाऊक. शेतजमिनीचा दलाल प्लॉटचे गिऱ्हाईक पुढे पाठवतो, प्लॉटवाला दुकानगाळ्याचे पाठवतो, ते याच कारणाने.

इथे कोणी म्हणेल की आता रेरा आला आहे, नोंदणी झाली आहे, मग गावोगावच्या ओळखीपाळखीची गरज काय? नोंदणी झाली आहे, हे खरे. २०१६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. नोंदणी केलेल्या प्रकल्पातली घरे विकणाऱ्या एजंटालाही नोंदणी घ्यावी लागते, ती न घेता व्यवहार केला तर दिवसाला दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. ही नोंदणी सबंध राज्याला पुरते, म्हणजे परभणीचा नोंदणीकृत एजंट उद्या पुण्यात घर विकू लागला तर कायदा त्याला अडवत नाही. त्याला अडवते ते त्याचे अज्ञान. दुसरे असे की शेतजमीन, जुने घर, जुन्या इमारतीतली पुनर्विक्रीची सदनिका हे व्यवहार या नोंदणीच्या कक्षेत सहसा येतच नाहीत. आत्याचे दोन्ही व्यवहार त्यातलेच. तिथे विश्वास हीच नोंदणी.

अज्ञान हे एक कारण झाले. बाकीची कारणे थोडी कमी उदात्त आहेत. भाड्याच्या खोलीत मिळकत थोडी आणि पायपीट फार, म्हणून ते काम जुने लोक नव्या पोरांकडे ढकलतात. नव्याचा धंदा त्यावरच उभा राहतो. भावकीतला व्यवहार असला, म्हणजे दलालाच्या स्वत:च्या चुलतभावाने आपला हिस्सा विकायला काढला, तर शहाणा दलाल त्यात पडत नाही. भाव कमी आला तरी शिव्या, जास्त आला तरी घेणाऱ्याच्या शिव्या. तो दुसऱ्या गावच्या माणसाला पुढे करतो आणि स्वत: जेवायला तेवढा जातो. आणि एक कारण असे आहे की जे सांगताना टपरीवरचे सगळे हसले: काही गिऱ्हाईके पाठवली जात नाहीत, घालवली जातात. दोन वर्षे नुसती जमिनी बघत फिरणारा, दर वेळी नवा ज्योतिषी आणणारा, इसार देऊन परत मागणारा, असा माणूस अतिशय आदराने प्रतिस्पर्ध्याकडे रवाना केला जातो.

आता ज्यावरून घरात भांडण झाले त्या वाटणीकडे येतो.

आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. कोणी किती दिले ते कोणीतरी कोपऱ्यात बसून लिहून घेतो, आणि पुढे त्याच्या घरी कार्य निघाले की वही उघडली जाते. पाचशेला पाचशे, वर शंभर. कोणी याला कर्ज म्हणत नाही, पण विसरतही नाही. दलालांचे एकमेकांकडे माणूस पाठवणे पुष्कळ अंशी असेच चालते. वही मात्र डोक्यात असते. "त्यानं मला दोन गिऱ्हाइकं दिली, म्या त्याला एक दिलं, एक राहिलं," असा हिशेब मी माझ्या कानांनी ऐकला. जिथे जाणे-येणे बरोबरीचे असते तिथे पैशाची वाटणी होतच नाही, झालीच तर चहापाण्यापुरती. एकाच व्यवहारात चार चार जणांची साखळीही असते. एकाला विकणारा ठाऊक, दुसऱ्याला त्याचा मेहुणा, तिसऱ्याला घेणारा, आणि चौथा का असतो ते शेवटपर्यंत कळत नाही. दलाली साधारणपणे दोन्ही बाजूंकडून एक ते दोन टक्के ठरलेली, ती या साखळीत वाटली जाते.

परंतु परभणी आणि पुणे यांचे जाणे-येणे बरोबरीचे नाही. इकडून तिकडे जाणारी माणसे पुष्कळ, तिकडून इकडे येणारी थोडी. आली तर वडिलोपार्जित घर विकायलाच. आहेराची वही अशी एका बाजूने भरत गेली म्हणजे हिशेब रोखीत करावा लागतो. पाव हिस्सा इथे जन्माला येतो.

हा पाव हिस्सा फुकटचा पैसा आहे, असे मलाही सुरुवातीला वाटले होते. वहीच्या मागच्या पानावर मी आकडे मांडून पाहिले. समजा वाटणीची पद्धतच नाही. मग आत्याचे गिऱ्हाईक पुढे पाठवून परभणीच्या दलालाला काय मिळते? शून्य. न पाठवता स्वत:च रेटले तर? रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जायचे, ओळखीच्या एखाद्याला धरून दोन घरे दाखवायची, 'हे चांगलं आहे' म्हणायचे. जमले तर २८,०००. म्हणजे जे काम आपल्याला येत नाही ते सोडण्याची किंमत शून्य आणि करण्याची किंमत अठ्ठावीस हजार. अशा स्थितीत किती जण प्रामाणिकपणे 'मला येत नाही' म्हणतील? सात हजारांनी ते म्हणणे परवडते. भोगवटा प्रमाणपत्र नसलेले ते घर परभणीच्या दलालाने कदाचित हौसेने घ्यायला लावले असते, कारण ते प्रमाणपत्र मागायचे असते हेच त्याच्या रोजच्या कामात येत नाही. गिऱ्हाईक अडकून बसू नये म्हणून मोजलेली ही रक्कम आहे.

आणि पुण्याचा माणूस ती खुशीने का देतो? कारण नाव सांगत आलेले गिऱ्हाईक अर्धे पटलेले असते. अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सगळ्यांकडेच संशयाने बघतो आणि चांगला विकणाराही त्यात भरडला जातो, असे त्याचे म्हणणे. आमच्या सरांनी हा निबंध वर्गात समजावला तेव्हा मला तो मोटारींचाच वाटला होता. वस्तुत: परक्या शहरातला दलाल हीसुद्धा आतून न दिसणारी जुनी मोटारच आहे. आत्या त्या माणसासमोर जाऊन बसली ती त्याच्यावर विश्वास ठेवून नव्हे, परभणीच्या माणसावरचा विश्वास तिने पिशवीत घालून तिथे नेला होता. सात हजार हे त्या विश्वासाचे भाडे.

अमेरिकेत ही सारी पद्धत कागदावर आलेली आहे. तिथे दलालीचा परवाना राज्यागणिक वेगळा, त्यामुळे एका राज्यातल्या एजंटाने दुसऱ्या राज्यात घर विकणे हा गुन्हाच ठरतो. गिऱ्हाईक बदली होऊन तिकडे चालले की त्याला तिथल्या एजंटाकडे सोपवण्यावाचून गत्यंतर नसते. दलालांची राष्ट्रीय संघटना तिथे १९०८ साली शिकागोत स्थापन झाली. गिऱ्हाईक पाठवणाऱ्याला पुढच्याच्या दलालीतला साधारण चौथा हिस्सा द्यायचा, हा रिवाज तिथेही आहे. परभणीच्या टपरीवरचा आणि तिथला आकडा एकच निघावा याची मला मोठी गंमत वाटली. १९७४ साली तिथे एक कायदा झाला. घर खरेदीच्या निमित्ताने होणाऱ्या निरनिराळ्या कामांत गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल पैसे देण्याघेण्यास त्याने बंदी केली. पण दलालांच्या आपसांतल्या वाटणीला त्याच कायद्याने स्पष्ट सूट दिली. म्हणजे त्यांनाही हे पाप आहे की रिवाज, हे एका शब्दात सांगता आले नाही.

आपल्या कायद्याचे काय? भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे, आणि इतका जुना असूनही या प्रश्नावर तो फार समंजसपणे बोलतो. कलम १९० म्हणते की जे काम अभिकर्त्याने स्वत: करण्याचे पत्करले ते त्याने परस्पर दुसऱ्यावर सोपवू नये, मात्र धंद्याचा तसा रिवाज असेल तर गोष्ट निराळी. कलम १९४ ला जोडलेले उदाहरण तर जमिनीचेच आहे: मालकाने आपल्या वकिलाला मिळकत लिलावाने विकायला व त्यासाठी लिलाव करणारा नेमायला सांगितले, वकिलाने एकाचे नाव सुचवले, तर तो लिलाववाला वकिलाचा हस्तक होत नाही, थेट मालकाचा अभिकर्ता होतो. म्हणजे चिठ्ठी दिली की पुण्याचा दलाल आत्याचाच माणूस झाला. आणि कलम १९५ चिठ्ठी देणाऱ्याचे कर्तव्य सांगते: साधारण शहाणपणाचा माणूस स्वत:च्या कामासाठी जितका विचार करून माणूस निवडील तितका विचार त्याने करावा. तेवढा केला असेल तर पुढच्याच्या चुकीला तो जबाबदार नाही. किती पैसे मिळाले, हे हे कलम विचारत नाही. निवडताना डोके कशासाठी वापरले, एवढेच विचारते.

घोडे पेंड खाते ते इथेच. कारण पाव हिस्सा जसा प्रामाणिकपणा परवडवतो तसा अप्रामाणिकपणाही परवडवतो. पुण्यातला एकजण पाव देतो, दुसरा निम्मी देतो. निम्मी देणारा ती कुठून काढतो? एकतर घाई करून, नाहीतर ज्या बिल्डरची घरे खपत नाहीत त्याच्याकडे गिऱ्हाईक नेऊन. वाट दाखवणाऱ्याला जर वाटेचेच पैसे मिळू लागले, तर तो कमी काट्यांची वाट दाखवील की जास्त पैशांची? डॉक्टरांच्या बाबतीत आपण हा प्रश्न निकालात काढला आहे, निदान कागदावर. रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरने कसलेही कमिशन घेऊ नये आणि देऊ नये, असे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिले आहे. तरीही 'कट' हा शब्द परभणीपासून संभाजीनगरपर्यंत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. डॉक्टरला जे पाप, ते दलालाला रिवाज, हे कसे? मी यावर पुष्कळ विचार केला. दुखणेकऱ्याला घासाघीस करता येत नाही आणि घर घेणाऱ्याला येते, हा एक फरक आहे. पण माझी आत्या ज्या मनाने त्या लग्नपत्रिकेवरचा नंबर घेऊन गेली ते मन घासाघिशीचे नव्हते, दुखणेकऱ्याचेच होते. म्हणून हा फरक मला पुरता पटत नाही. वाटणी घेणे मला गैर वाटत नाही. ती झाकणे वाटते. वडिलांचे म्हणणे मला मान्य झाले, आईचेही.

एवढे झाल्यावर मी शेवटी त्या माणसालाच भेटायला गेलो. मी कोणाचा भाचा हे त्याला ठाऊक होते. त्याने दोन चहा सांगितले आणि मी काही विचारण्याआधी म्हणाला, "आक्का रागावल्यात, कळलं मला."

मी सरळ विचारले, पुण्यात आणखी कोणी होता का?

"व्हते की. दोघं व्हते. एक निम्मी देतो म्हणत व्हता. पर तो नवी घरंच दाखवतो, चौदाव्या-पंधराव्या मजल्यावरची. आक्काचे गुडघे मला म्हाईत. लिफ्ट बंद पडली तर बाई खाली कशी यायची? म्हणून पाववाल्याकडं पाठवलं."

हे खरे की माझ्यासाठी जुळवलेले, ते ताडून पाहायला माझ्याजवळ काही साधन नाही. आत्याचे घर पहिल्या मजल्यावर आहे, एवढे खरे.

"मग सांगितलं का नाही तिला?"

त्याने बशीत चहा ओतला. "सांगितलं असतं तर ती गेलीच नसती. म्हणली असती, आसं आसंल तर नको. अन् मंग तिला घर कोण दाखवणार व्हतं? तिचं पोरगं तर सकाळी सातला कंपनीत जातंय."

मी हे सारे आत्याला फोनवर जसेच्या तसे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सांगून तर बघायचं होतं."

गेल्या महिन्यात तिच्या इमारतीत सेलूकडची एक बाई राहायला आली आहे. तिला परभणीतला वडिलांचा प्लॉट विकायचा आहे आणि इकडे तिच्या ओळखीचे कोणी नाही. आत्याने कपाटातून ती लग्नपत्रिका काढली, आपल्या विश्वासातल्या त्या दलालाचा नंबर तिला दिला. पण देण्याआधी तिने स्वत: परभणीला फोन लावला होता. "माणूस पाठवते आहे," ती त्याला म्हणाली, "मला त्यातलं काही नको. पण तू कुणाला किती देणार, कुणाकडून किती घेणार, ते पहिल्याच दिवशी त्या बाईला सांगायचं."

तो काय म्हणाला ते मी विचारले. "हाव म्हणाला," आत्या म्हणाली, "बघू."